तापलेला लॅपटॉप, फुगलेली बॅटरी

उन्हाळ्यात लॅपटॉपचा सांधा सुटला, टचपॅड वर आला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर तो केवळ ‘बॉडी’चा बिघाड समजून सोडून देऊ नये.

एप्रिल लागला की बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या गावांत दुपारचे व्यवहार मंदावतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर त्या मानाने सुसह्य; पण खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो. माणसे सावलीला जातात, लॅपटॉप मात्र चालूच राहतात. कुठे आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यांची रांग असते, कुठे ग्रामपंचायतीत नोंदी चढवायच्या असतात, कुठे शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला प्रकल्प अहवाल पूर्ण करायचा असतो. खोलीवर टिनाचे छप्पर, वीज कधीही जाईल म्हणून चार्जर दिवसभर लावलेला, आणि वर पंखा गरम हवाच फिरवतो आहे.

अशा दिवसांत दोन तक्रारी जोडीने येतात. लॅपटॉप हाताला चटका बसावा इतका तापतो आणि त्याचे आवरण वाकडे झालेले दिसते. टेबलावर ठेवला की तो डुगडुगतो, खालच्या झाकणाचा सांधा उघडा पडतो, टचपॅडचे बटण दबत नाही. ‘उन्हाने प्लास्टिक वाकले असेल’ असे म्हणून बहुतेक लोक काम रेटत राहतात. कोणी सांध्यावर चिकटपट्टी लावतो, कोणी झाकण दाबून स्क्रू आवळतो.

हा समज चुकीचा आहे. आवरणासाठी वापरले जाणारे एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिक मऊ पडायला साधारण शंभर अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते. मांडीला चटका देणारा लॅपटॉपचा तळ ५० अंशांच्या आसपास असतो. तेवढ्याने आवरण वाकत नाही. ते वाकते ते आतून ढकलले गेल्यामुळे, आणि ढकलणारी वस्तू बहुतेक वेळा एकच असते : फुगलेली बॅटरी.

उष्णता नेमकी कुठे आहे?

लॅपटॉपमध्ये उष्णतेची दोन मुख्य ठिकाणे असतात. प्रोसेसर आणि त्याचा पंखा सहसा मागच्या बाजूला, बिजागरीजवळ असतो. बॅटरी पुढच्या बाजूला, टाइप करताना मनगटे टेकतात त्या भागाखाली पसरलेली असते. त्यामुळे हात लावून पाहिले तरी बराच अंदाज येतो.

मागची जाळी आणि कीबोर्डचा वरचा भाग तापत असेल, पंखा सतत घोंघावत असेल आणि काम थांबवल्यावर लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांत निवत असेल, तर दोष बहुधा थंड होण्याच्या व्यवस्थेत आहे. जाळीत धूळ साचली असेल, प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळली असेल किंवा एखादा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत विनाकारण चालत असेल. मनगटाखालचा भाग तापत असेल, विशेषतः हलके काम करताना, नुसता चार्जिंगला लावलेला असताना किंवा बंद असतानाही तापत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यावा.

आवरणाचेही तसेच. बिजागरी तुटल्यानेही सांधा उघडतो. पण तो मागच्या कोपऱ्यात उघडतो आणि झाकण उघडताना-मिटताना करकरतो. बॅटरी फुगली असेल तर फुगवटा पुढे किंवा मध्यभागी असतो. टचपॅड वर येतो किंवा क्लिक होत नाही, कीबोर्डचा मधला भाग उचललेला दिसतो, तळाला पोट आल्यासारखे वाटते. स्वयंपाकघरातील ओट्यासारख्या सपाट जागेवर बंद लॅपटॉप ठेवून चारही कोपरे टेकतात का, हे पाहावे. जुना लॅपटॉप पूर्वी टेकत असे आणि आता टेकत नसेल, तर कारण शोधायलाच हवे. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा गोडसर, उग्र वास येत असेल तर बॅटरीतील द्रव बाहेर पडू लागला आहे, असे समजावे.

संगणकातील बॅटरीचा अहवाल येथे अपुरा पडतो. विंडोजमध्ये असा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता हे दोन आकडे दिसतात. बॅटरी किती थकली, हे त्यावरून कळते. ती फुगली आहे का, हे कळत नाही. अहवालात ठणठणीत दिसणारी बॅटरीही फुगलेली असू शकते.

पंखा गार हवा तयार करत नाही

बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, असे आपल्या माहितीपत्रकात सांगतात. घाटाखालच्या गावांत मे महिन्यातील दुपार ही मर्यादा सहज ओलांडते.

लॅपटॉपचा पंखा हवा गार करत नाही. खोलीतील हवा आत ओढून तापलेल्या धातूच्या पट्ट्यांवरून बाहेर फेकतो, एवढेच. म्हणून प्रोसेसर नेहमी खोलीच्या तापमानापेक्षा काही अंशांनी वरच राहतो. समजा, २५ अंशांच्या खोलीत एखादे काम करताना प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो, म्हणजे खोलीपेक्षा ५० अंश वर. तेच काम ४३ अंशांच्या खोलीत केले तर तो साधारण ९३ अंशांवर जाईल. शंभरीच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी नीट चालणारा लॅपटॉप दुपारी रेंगाळतो, त्याचे हे साधे कारण आहे.

त्यात धुळीची भर पडते. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. जिनिंगच्या परिसरात, कापूस साठवलेल्या घरांत किंवा दुकानांत हवेत बारीक तंतू उडत असतात. पंख्यामागच्या पट्ट्यांमधील फटी जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या असतात. तिथे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर जमतो. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा पलीकडे जात नाही. गादीवर किंवा गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपची गत याहून वेगळी नसते. तळाच्या जाळीला कापड चिकटले की श्वासच कोंडतो.

ही उष्णता प्रोसेसरपाशी थांबत नाही. आवरणातून ती शेजारच्या बॅटरीपर्यंत पोहोचते, आणि प्रोसेसर सोसतो तेवढी उष्णता बॅटरीला सोसत नाही.

फुगवटा कशाचा?

लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. या तंत्रज्ञानाचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये या बॅटरीचे सेल कडक डब्यात नसतात. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या मऊ पाकिटात बंद केलेले असतात. आत दोन विद्युतध्रुव, त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा आणि लिथियमचे आयन इकडून तिकडे नेणारा सेंद्रिय द्रव असतो. हा द्रव ज्वलनशील असतो.

बॅटरी जुनी होत जाते, तसा या द्रवाचा थोडा थोडा भाग विघटित होतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीनसारखे वायू तयार होतात. पाकीट बंद असल्याने वायूला वाट नसते. ते पापडासारखे फुगते. ही क्रिया प्रत्येक बॅटरीत अतिशय संथपणे चालू असते. दोन गोष्टी तिला वेग देतात : उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज राहणे.

तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम. बॅटरी तंत्रज्ञांमध्ये प्रचलित असलेले आकडेही तेच सांगतात. लिथियम-आयन सेल ४० टक्के चार्ज करून २५ अंशांत वर्षभर ठेवला, तर त्याची क्षमता सुमारे ९६ टक्के उरते. तोच सेल १०० टक्के चार्ज करून ४० अंशांत वर्षभर ठेवला, तर ती सुमारे ६५ टक्क्यांवर येते. टिनाच्या छपराखाली दिवसरात्र चार्जरला जोडून ठेवलेला लॅपटॉप या दुसऱ्या परिस्थितीतच जगत असतो.

फुगलेली प्रत्येक बॅटरी पेट घेत नाही. अनेक बॅटऱ्या महिनोन्‌महिने फुगलेल्या अवस्थेत राहतात, आणि लोकांची भीड चेपते ती त्यामुळेच. पण फुगलेल्या पाकिटात आतील थर जागचे हललेले असतात. त्यावर दाब पडला, टोचले किंवा पडदा फाटला, तर दोन्ही ध्रुव एकमेकांना टेकून शॉर्ट सर्किट होते. सेल शंभर अंशांच्या आसपास तापला की आतील संरक्षक थर मोडू लागतात. सुमारे १३० अंशांना पडदा वितळायला लागतो. त्यानंतर सेल स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जातो. चार्जर काढला तरी ही साखळी थांबत नाही.

या छोट्या वस्तूत किती ऊर्जा असते, याचा अंदाज एका हिशेबाने येतो. ५० वॅट-तासांची साधी लॅपटॉप बॅटरी पूर्ण भरलेली असताना अर्ध्या लिटरहून अधिक पाणी ३० अंशांवरून उकळीला आणू शकेल इतकी वीज साठवते. पेटलेल्या द्रवाची उष्णता त्याहून वेगळी.

मोठ्या कंपन्यांनाही हा धोका चुकलेला नाही. २००६मध्ये जपानमधील ओसाका येथे एका परिषदेत डेल कंपनीचा लॅपटॉप पेटल्याची छायाचित्रे जगभर गाजली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेलने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सेलमध्ये शिरलेले धातूचे सूक्ष्म कण हे त्यामागचे कारण होते. जून २०१९मध्ये ॲपलने २०१५ ते २०१७ या काळात विकलेले काही १५ इंची मॅकबुक प्रो बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे परत बोलावले. ऑगस्टमध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, बॅटरी बदलल्याशिवाय हे लॅपटॉप विमानात नेऊ नयेत, अशी सूचना प्रवाशांना दिली.

फुगवटा दिसला तर

पहिले काम म्हणजे चार्जर काढणे आणि लॅपटॉप बंद करणे. ‘एवढे काम संपवतो, मग बघतो’ हे येथे चालत नाही. अनेकांचा जीव अडकतो तो आतील माहितीत : दाखल्यांच्या फाइली, प्रबंध, हिशेब, फोटो. पण ही माहिती बॅटरीत नसते. ती हार्ड डिस्क किंवा एसएसडीमध्ये असते. बॅटरी काढल्यावरही तंत्रज्ञ ती सुखरूप बाहेर काढू शकतो. माहिती वाचवण्यासाठी फुगलेला लॅपटॉप चालू ठेवण्याची गरज सहसा नसते.

बंद केलेला लॅपटॉप फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर, हवेशीर सावलीत ठेवावा. घमेल्यात कोरडी वाळू घालून त्यावर ठेवला तर आणखी चांगले. गादी, सोफा, कपड्यांचे कपाट, दिवाणाचा कप्पा, उन्हात उभी असलेली गाडी या जागा पूर्ण टाळाव्यात. झाकण दाबून बंद करू नये, वर वजन ठेवू नये. फ्रीजमध्येही ठेवू नये.

सर्वांत घातक उपाय म्हणजे ‘हवा काढण्यासाठी’ पाकिटाला सुई टोचणे. वायूबरोबर द्रवाची वाफ बाहेर येते, हवा आत शिरते आणि ठिणगी पडायला एवढे पुरते. बॅटरी आत चिकटवलेली असेल तर ती स्क्रूड्रायव्हरने उचकटणे तितकेच धोक्याचे. हे काम सराव असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. लॅपटॉप दुरुस्तीला कुरिअरने न पाठवता स्वतः न्यावा आणि बॅटरी फुगल्याचे दुकानात आधीच सांगावे.

नवी बॅटरी घेताना केवळ आकार जुळून चालत नाही. मॉडेलसाठी सांगितलेला भाग क्रमांक आणि व्होल्टेज तेच हवे. वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेली ‘नवी’ बॅटरीही थकलेली असू शकते, म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी. चार्जर मूळ किंवा त्याच दर्जाचा असावा. लॅपटॉपचे चांगले चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा सांभाळतात, त्यामुळे गावातील विजेच्या चढउतारांचा फटका बॅटरीला सहसा बसत नाही. हलक्या नकली चार्जरची अशी खात्री देता येत नाही.

धूर निघू लागला किंवा फुसफुस आवाज आला, तर माणसांना आधी बाहेर काढावे. मेन स्विच सहज हाताशी असेल तरच बंद करावा. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू असू शकतात. तो श्वासात जाऊ देऊ नये. वीज तोडलेली असेल आणि आग लहान असेल, तर लांबूनच भरपूर पाणी ओतून सेल गार करता येतात. थोडेसे पाणी शिंपडून उपयोग होत नाही, कारण विझलेला सेल पुन्हा पेटू शकतो. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. कोणाला भाजले तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नये.

मांडीवरच्या लॅपटॉपची किंमत

बॅटरी धड असली तरी तापलेला लॅपटॉप तासन्‌तास मांडीवर ठेवणे त्वचेला सोसत नाही. ४४ अंशांचा पृष्ठभाग सुमारे सहा तास सलग टेकून राहिला, तर त्वचेला इजा होऊ शकते. ५० अंशांना तीच इजा काही मिनिटांत होते. रोज थोडी थोडी उष्णता मिळत राहिली तर चटका जाणवत नाही, पण मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. अंगाशी कांगडी धरणाऱ्या काश्मिरी लोकांत असे डाग डॉक्टरांच्या जुन्या परिचयाचे आहेत. लॅपटॉपमुळे ते झाल्याची नोंद २०१०मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी केली. त्यांचा रुग्ण अवघा १२ वर्षांचा होता. काही महिने तो रोज कित्येक तास मांडीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळत असे. सवय सोडली की डाग सहसा फिके होत जातात. मात्र वर्षानुवर्षे उष्णता मिळत राहिली तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पुरुषांसाठी आणखी एक मुद्दा आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथील संशोधकांनी २००५मध्ये २९ तरुणांवर पाहणी केली. मांडीवर लॅपटॉप ठेवून तासभर बसल्यावर अंडकोषांभोवतीचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी हे तापमान शरीरापेक्षा कमी राहावे लागते. एवढ्यावरून वंध्यत्व येते, असे म्हणता येत नाही. पण अपत्याचा विचार करणाऱ्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवावा, एवढे सांगायला ही पाहणी पुरेशी आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अधिक जपावे, कारण चटका बसल्याचे त्यांच्या उशिरा लक्षात येते.

उन्हाळ्यापुरती पथ्ये

• जड कामे, व्हिडिओ संपादन, मोठ्या फाइलींची छपाई सकाळी किंवा रात्री करावी.

• अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर चार्जरवर काम करणाऱ्यांनी ती चालू करावी. सोय नसेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर प्लग काढावा आणि रात्रभर लावून ठेवू नये.

• लॅपटॉप कडक, सपाट जागेवर ठेवावा. मागची कड वहीएवढी उचलली तरी तळाला हवा मिळते.

• कूलरमुळे खोली गार होते, त्याचा लॅपटॉपलाही फायदा होतो. मात्र तुषार अंगावर येतील इतक्या समोर तो ठेवू नये.

• कापसाच्या किंवा धुळीच्या जागी काम असेल तर उन्हाळ्याआधी एकदा पंखा साफ करून घ्यावा. लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर त्याच वेळी पेस्ट बदलावी आणि बॅटरी डोळ्यांनी तपासून घ्यावी.

• सुट्टीत लॅपटॉप ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी.

जुन्या बॅटरीचे काय?

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकली किंवा भंगारात विकली की धोका घरातून निघून दुसऱ्याच्या हातात जातो. कचरागाडीत ती दाबली जाते, भंगाराच्या गोदामात हातोड्याने फोडली जाते. केंद्र सरकारच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या सोपवण्याची जबाबदारी ग्राहकावर. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी तिथेच परत घेणार का, हे विचारून घ्यावे. दुकानदाराने नकार दिला तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे द्यावी. ई-कचरा हाताळणाऱ्या अधिकृत संस्थांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. सोपवेपर्यंत तिच्या धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावून ती कोरड्या वाळूत, लहान मुलांपासून दूर ठेवावी.

लॅपटॉप वर्षाकाठी एकदा तरी उलटा करून पाहावा. तळ सपाट आहे का, टचपॅड पूर्वीसारखा दबतो का, झाकण पूर्ण मिटते का, हे तपासायला दोन मिनिटे लागतात. घाटाखालच्या गावांत ती दोन मिनिटे मार्चअखेरीस काढावीत. बॅटरी बदलण्याचा खर्च काही हजारांचा असतो, आणि फुगवटा वेळीच दिसला तर नुकसान तेवढ्यावरच थांबते.